झांग निंग: दोन सुवर्णपदके आणि मधला एक उपांत्य सामना

बॅडमिंटनच्या एकेरीत ऑलिंपिक सुवर्णपदक जिंकून पुढच्याच ऑलिंपिकमध्ये ते राखणारी पहिली खेळाडू म्हणजे चीनची झांग निंग. पुरुषांमध्ये लिन डानला हे जमले ते तिच्यानंतर चार वर्षांनी, लंडनमध्ये. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकच्या वेळी झांग निंग २९ वर्षांची होती आणि २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकच्या वेळी ३३ वर्षांची. चीनच्या महिला एकेरीत पंचविशी ओलांडलेल्या खेळाडूने निवृत्त होऊन प्रांतिक संघात प्रशिक्षकाची नोकरी धरावी, अशी त्या काळातली सर्वसाधारण चाल होती. त्यामुळे तिची कारकीर्द चिकाटीचा वस्तुपाठ म्हणून सांगितली जाते. वयाच्या पंचविशीपर्यंत मोठे वैयक्तिक यश नाही, सिडनी ऑलिंपिकच्या संघात स्थान नाही, आणि त्यानंतरच्या आठ वर्षांत एक जागतिक अजिंक्यपद व दोन ऑलिंपिक सुवर्णपदके. गोष्ट खरी आहे, पण ती एवढीच सांगितली की तिच्यातला सर्वांत अवघड भाग वगळला जातो. पहिल्या सुवर्णपदकाच्या वाटेवर एक उपांत्य सामना आहे. त्या सामन्याचा निकाल खेळाडूंनी नव्हे, तर संघाच्या व्यवस्थापनाने ठरवला होता, हे खुद्द मुख्य प्रशिक्षकांनीच पुढे मान्य केले. हा अभ्यास प्रामुख्याने त्या सामन्याचा, त्याआधीच्या दहा वर्षांचा आणि त्यानंतरच्या चार वर्षांचा आहे.

जाकार्ता, १९९४

झांग निंगचा जन्म १९ मे १९७५ रोजी ल्याओनिंग प्रांतातील जिनझोऊ शहरात झाला. चीनच्या ईशान्येकडील हा प्रांत थंडीचा आणि अवजड उद्योगांचा म्हणून ओळखला जातो. १९९१ साली, सोळाव्या वर्षी, ती राष्ट्रीय संघात दाखल झाली. १७५ सेंटीमीटर उंची ही तिची नजरेत भरणारी जमेची बाजू होती. उंच खेळाडूला मागच्या कोपऱ्यातले शटल फार न धावता गाठता येते आणि ते वरून घेता आल्यामुळे स्मॅश (खाली जोरात मारलेला फटका), ड्रॉप (नेटजवळ अलगद टाकलेले शटल) की टॉस (मागे उंच मारलेले शटल) हे शेवटच्या क्षणापर्यंत झाकून ठेवता येते. झांग निंगचा खेळ पुढे याच झाकण्यावर उभा राहिला. स्मॅशच्या जोरावर रॅली संपवणारी ती खेळाडू नव्हती. समोरची खेळाडू एका पायावर कलली की शटल दुसऱ्या कोपऱ्यात टाकायचे, आणि हे पाऊण तास न कंटाळता करत राहायचे, अशी तिची रीत होती.

१९ वर्षे पूर्ण होण्याच्या सुमारास तिला उबेर चषकाच्या अंतिम लढतीत उतरवण्यात आले. महिलांच्या या सांघिक स्पर्धेत तीन एकेरी आणि दोन दुहेरी सामने होतात. १९८४ पासून सलग पाच वेळा चषक चीनकडे होता. १९९४ ची अंतिम लढत जाकार्तामध्ये, यजमान इंडोनेशियाविरुद्ध होती आणि ती २-२ अशी बरोबरीत आल्यावर शेवटच्या एकेरीची जबाबदारी झांग निंगवर येऊन पडली. समोर मिया ऑडिना नावाची १४ वर्षांची मुलगी होती. इंडोनेशियाच्या प्रेक्षकांचा गलका ज्यांनी दूरचित्रवाणीवरून का होईना ऐकला आहे, त्यांना त्या संध्याकाळच्या वातावरणाची कल्पना करता येईल. मियाने तो सामना ११-७, १०-१२, ११-४ असा जिंकला आणि चषक इंडोनेशियाकडे गेला. त्यानंतर दोन वर्षांनीही तो त्यांनी राखला. चीनला तो परत मिळाला १९९८ साली.

एका सामन्यावर एखाद्या खेळाडूची सहा वर्षे ठरली, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. चीनच्या संघातील गर्दी हे तितकेच मोठे कारण होते. ये झाओयिंग १९९५ आणि १९९७ अशी दोनदा जगज्जेती झाली. तिच्या मागे गोंग झिचाओ आणि दाई युन होत्या. त्या काळात चीनच्या संघातील चौथ्या-पाचव्या क्रमांकाची खेळाडू दुसऱ्या कोणत्याही देशात पहिल्या क्रमांकावर खेळली असती, आणि पुढे काही जणी खरोखरच तशा खेळल्या. वांग चेन हाँगकाँगकडून खेळू लागली, पी होंगयान फ्रान्सकडून, शू हुआईवेन जर्मनीकडून आणि याओ जिए नेदरलँड्सकडून. शू हुआईवेन दोनदा युरोपची विजेती झाली आणि पी होंगयानने २००९ साली आपल्या हैदराबादमध्ये झालेल्या जागतिक स्पर्धेत फ्रान्ससाठी कांस्यपदक मिळवले. झांग निंग मात्र देश सोडून गेली नाही. सिडनी ऑलिंपिकसाठी ये, गोंग आणि दाई या तिघींची निवड झाली आणि २५ वर्षांची झांग निंग चौथी ठरून घरी राहिली.

सिडनीतला पायंडा

सिडनी ऑलिंपिक झांग निंग खेळली नाही, तरी या प्रकरणात त्या स्पर्धेचा उल्लेख टाळता येत नाही. महिला एकेरीच्या उपांत्य फेरीत तीन चिनी खेळाडू होत्या आणि चौथी होती डेन्मार्कची कॅमिला मार्टिन, १९९९ ची जगज्जेती. एका बाजूला गोंग झिचाओ आणि ये झाओयिंग यांचा आपसातला सामना होता, तर दुसऱ्या बाजूला मार्टिन आणि दाई युन यांचा. गोंग आणि मार्टिन जिंकल्या, अंतिम सामन्यात गोंगने मार्टिनला हरवले आणि येला कांस्यपदकावर समाधान मानावे लागले. त्या उपांत्य सामन्यात आपल्याला हरण्यास सांगण्यात आले होते, असे ये झाओयिंगने वीसहून अधिक वर्षांनी डेन्मार्कच्या एका दूरचित्रवाणी वाहिनीला सांगितले. मार्टिनविरुद्ध गोंगची शक्यता अधिक आहे, असा तो हिशेब होता.

हा हिशेब समजून घेणे आवश्यक आहे, कारण त्यात पैसे किंवा सट्टा यांचा संबंध नव्हता. मॅच-फिक्सिंग म्हटल्यावर आपल्याकडे क्रिकेटमधील जे काही डोळ्यांसमोर येते, त्याहून हा प्रकार वेगळा आहे. चीनच्या व्यवस्थेत खेळाडूला लहान वयात क्रीडाशाळेत घेतले जाते आणि तिचे राहणे, खाणे, प्रशिक्षण व पुढची नोकरी हे सर्व सरकारी यंत्रणेकडून येते. अशा व्यवस्थेत ऑलिंपिक पदक हे संघाचे, प्रांताचे आणि देशाचे असते. ते कोणाच्या गळ्यात पडते ही नंतरची गोष्ट ठरते. एकदा हे गृहीत धरले की दोन चिनी खेळाडूंमधील उपांत्य सामना हा सामना न राहता निवड चाचणी होते, आणि निवड करण्याचा अधिकार तर प्रशिक्षकांचा असतोच. अशा रीतीने एका तर्कशुद्ध पायरीवरून दुसऱ्या पायरीवर उतरत माणसे अशा जागी पोहोचतात, जिथे तिकीट काढून बसलेल्या प्रेक्षकांना नाटक दाखवले जाते आणि चार वर्षे घाम गाळलेल्या एका खेळाडूला हरण्याचा अभिनय करावा लागतो.

१९९३ पासून संघाची सूत्रे ली योंगबो यांच्याकडे होती. ते स्वतः १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये पुरुष दुहेरीचे कांस्यपदक मिळवलेले खेळाडू. मोठ्या आवाजाचा, पत्रकारांना न घाबरणारा आणि केलेल्या गोष्टी लपवण्यापेक्षा त्यांचे समर्थन करणे पसंत करणारा हा माणूस होता. त्यांचा हा शेवटचा गुण या प्रकरणात निर्णायक ठरला.

जागा रिकामी होते तेव्हा

सिडनीनंतर जुनी फळी पांगली आणि मागून आलेल्या मुली, म्हणजे झोउ मी, गोंग रुइना आणि शिए शिंगफांग, अजून विशीच्या आसपास होत्या. या दोन पिढ्यांच्या मध्ये झांग निंग एकटी उरली. तिने निवृत्ती न घेण्यामागे तिची जिद्द होती हे खरेच; पण तिला संघात राहू देणे हा व्यवस्थापनाचाही निर्णय होता. राष्ट्रीय संघातील प्रत्येक जागेसाठी प्रांतांमधून मुलींची रांग लागलेली असताना, २५ व्या वर्षापर्यंत मोठे विजेतेपद न मिळालेल्या खेळाडूवर आणखी चार वर्षे खर्च करायची, हे कोणीतरी ठरवावे लागते. ज्या व्यवस्थेने पुढे तिच्या नावाला एक प्रश्नचिन्ह जोडले, त्याच व्यवस्थेने तिला दुसरी संधी दिली, ही गोष्ट तिच्याविषयी लिहिताना बहुधा सुटून जाते.

निकाल लवकर दिसू लागले. २००१ च्या सेव्हिया येथील जागतिक स्पर्धेत ती पदकविजेत्यांमध्ये होती. २००३ ची जागतिक स्पर्धा बर्मिंगहॅममध्ये मे महिन्यात होणार होती. सार्सच्या साथीमुळे ती पुढे ढकलली गेली आणि जुलैच्या अखेरीस सुरू झाली. अंतिम सामन्यात झांग निंगने गतविजेत्या गोंग रुइनाला ११-६, ११-३ असे नमवले. २८ व्या वर्षी पहिले जागतिक अजिंक्यपद मिळाले, तेही आपल्याहून सहा वर्षांनी लहान असलेल्या सहकारी खेळाडूला सरळ हरवून.

त्या काळची गुणपद्धत इथे लक्षात घ्यायला हवी. महिला एकेरीत गेम ११ गुणांचा असे आणि सर्व्हिस करणाऱ्या खेळाडूलाच गुण मिळत असे. समोरच्या खेळाडूने रॅली जिंकली तर तिला केवळ सर्व्हिस मिळे, गुण नाही. त्यामुळे गुणफलक एकाच जागी अडकलेला आहे, सर्व्हिस या बाजूने त्या बाजूला फिरते आहे आणि दोघी घामाने निथळत आहेत, असा प्रकार सर्रास घडे. या पद्धतीत संयमाला मोल होते आणि पिछाडीवरून परतण्यास वाव होता, पण तीन गेमचा सामना झाला तर शरीराची पार चाळणी होई. अथेन्समध्ये कोणाची शक्ती वाचवायची, या प्रश्नाला इतके महत्त्व का आले असावे, हे या पद्धतीमुळे अधिक स्पष्ट होते.

अथेन्स, २००४

चीनने अथेन्सला गोंग रुइना, झोउ मी आणि झांग निंग यांना पाठवले. तिघीही उपांत्य फेरीत पोहोचल्या. चौथी उपांत्य फेरीत आली ती मिया ऑडिना. पण आता इंडोनेशियाकडून नव्हे, तर लग्नानंतर स्थायिक झालेल्या नेदरलँड्सकडून. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकचे रौप्यपदक तिच्याकडे होते आणि ती अजून २५ वर्षांचीही झाली नव्हती. तिने उपांत्य सामन्यात गोंग रुइनाला हरवले. दुसऱ्या उपांत्य सामन्यात झांग निंग आणि झोउ मी समोरासमोर होत्या, म्हणजे सिडनीच्या मांडणीची ही जशीच्या तशी पुनरावृत्ती होती. तीन चिनी खेळाडू, एक परदेशी खेळाडू, आणि दोन चिनी खेळाडूंमधून एकीला पुढे पाठवायचे.

हा सामना झांग निंगने जिंकला. झोउ मीने पुढे गोंग रुइनाला हरवून कांस्यपदक घेतले. अंतिम सामन्यात झांग निंग पहिला गेम ८-११ असा हरली आणि त्यानंतरचे दोन ११-६, ११-७ असे जिंकली. दहा वर्षांपूर्वी जाकार्तात जिच्याकडून हार पत्करली होती, तिलाच हरवून ऑलिंपिक सुवर्ण मिळाले. अशी योजना कादंबरीकाराने केली असती तर आपण तिला ओढूनताणून जुळवलेली म्हटले असते. त्या ऑलिंपिकमध्ये भारताकडून मुंबईची अपर्णा पोपट महिला एकेरीत खेळत होती; आपल्याकडील बॅडमिंटनप्रेमींचे त्या स्पर्धेकडे लक्ष होते ते मुख्यतः तिच्यासाठी. चिनी खेळाडूंच्या आपसातल्या सामन्याकडे फारसे कोणी बारकाईने पाहिले नाही.

२००८ च्या मार्च महिन्यात, बीजिंग ऑलिंपिकला जेमतेम पाच महिने उरले असताना, ली योंगबो यांनी चीनच्या सरकारी दूरचित्रवाणीवरील मुलाखतीत सांगितले की अथेन्सच्या त्या उपांत्य सामन्यात झोउ मीला झांग निंगसाठी वाट मोकळी करण्याची सूचना देण्यात आली होती. झांग निंगने अंतिम सामन्यात ताजेतवाने उतरावे आणि सुवर्ण चीनकडे यावे, हा हेतू होता. कबुलीच्या स्वरात त्यांनी हे सांगितले नाही. देशासाठी केलेली योग्य गोष्ट म्हणून सांगितले.

या प्रसंगाकडे तिघांच्या जागेवरून पाहिले तर तीन वेगवेगळी चित्रे दिसतात.

ली योंगबो यांच्या जागेवरून पाहिले तर निर्णय फळाला आला. सुवर्ण मिळाले. पण या युक्तिवादात एक भोक आहे. झोउ मी अंतिम सामन्यात गेली असती तर ती हरली असती, हे कोणत्याही प्रकारे सिद्ध होत नाही. तिने त्याच स्पर्धेत कांस्यपदक जिंकले, म्हणजे ती काही मोडकळीस आलेल्या अवस्थेत नव्हती. शिवाय मियाविरुद्ध झांग निंगची निवड करताना १९९४ चा निकाल समोर होता, आणि अंतिम सामन्याचा पहिला गेम झांग निंग हरलीही. तिसरा गेम ११-७ ऐवजी ७-११ असा संपला असता तर हाच निर्णय चीनच्या बॅडमिंटनमधील सर्वांत मोठी चूक म्हणून ओळखला गेला असता. यश मिळाले म्हणून निर्णय बरोबर होता, हा निष्कर्ष काढण्यात आपण सगळेच फार तत्पर असतो.

झोउ मीच्या जागेवरून पाहिले तर हिशेब अगदी साधा आहे. ऑलिंपिकचा अंतिम सामना खेळण्याची संधी तिच्याकडून काढून घेतली गेली आणि ती पुन्हा कधी आली नाही. २००२ च्या बुसान आशियाई स्पर्धेचे सुवर्ण आणि ऑल इंग्लंड या मानाच्या स्पर्धेचे २००३ चे विजेतेपद तिच्या नावावर होते. अथेन्सनंतर ती चीनच्या संघातून बाहेर पडली, काही काळाने हाँगकाँगकडून खेळू लागली आणि त्या नव्या जर्सीत जागतिक क्रमवारीत अव्वल स्थानापर्यंत पोहोचली. सूचना मिळाल्यावर ज्या खेळाडूला बाजूला व्हावे लागले, तिच्यात अजून किती खेळ शिल्लक होता, याचे यापेक्षा स्पष्ट उत्तर मिळणार नाही. २०१० मध्ये क्लेनब्यूटेरॉल या प्रतिबंधित द्रव्याच्या चाचणीत ती दोषी आढळली, तिच्यावर दोन वर्षांची बंदी आली आणि कारकीर्द तिथेच थांबली. या शेवटाचा अथेन्सशी संबंध जोडण्याचे कारण नाही, पण तिची गोष्ट सांगताना तो वगळणेही बरोबर होणार नाही.

आणि झांग निंग? या निर्णयात तिचा वाटा होता असे म्हणण्यास काही आधार नाही. सूचना झोउ मीला होती. अंतिम सामन्यातील तीन गेम झांग निंगने स्वतःच्या पायांवर खेळले आणि एका परदेशी प्रतिस्पर्धीविरुद्ध पिछाडीवरून जिंकले. तिथे कोणाची मदत नव्हती. तरीही मार्च २००८ नंतर तिच्या सुवर्णपदकाचा उल्लेख करताना ‘पण’ हा शब्द जवळ येऊन उभा राहू लागला. तिच्या स्वतःच्या प्रशिक्षकाने, स्वतःच्या देशात, दुसऱ्या ऑलिंपिकच्या तोंडावर तो तिथे आणून ठेवला होता. एखाद्या खेळाडूवर झालेला अन्याय नेहमी तिला हरवूनच होतो असे नाही. तिला जिंकवूनही तो करता येतो, आणि मग त्याची दाद मागायला जागाही राहत नाही.

चार वर्षे दुसऱ्या क्रमांकावर

अथेन्सनंतर झांग निंग थांबली असती तर कोणी आश्चर्य केले नसते. ती थांबली नाही आणि पुढची चार वर्षे तिने बहुतेक वेळ शिए शिंगफांगच्या मागे काढली. ग्वांगझूची शिए तिच्याहून सहा वर्षांनी लहान, तितकीच उंच आणि अधिक चपळ होती. २००५ ची अनाहाइममधील जागतिक स्पर्धा आणि २००६ ची माद्रिदमधील जागतिक स्पर्धा, दोन्हींच्या अंतिम सामन्यांत शिएने झांग निंगला हरवले. ऑल इंग्लंड शिएने २००५ पासून सलग तीन वर्षे जिंकली. झांग निंगला ते विजेतेपद कधीच मिळाले नाही. दोन ऑलिंपिक सुवर्णपदके असलेल्या खेळाडूच्या नावापुढे ही रिकामी जागा आजही विचित्र दिसते.

याच काळात, २००६ मध्ये, गुणपद्धत बदलली. गेम २१ गुणांचा झाला आणि प्रत्येक रॅलीला गुण मिळू लागला. ३१ वर्षांच्या खेळाडूला खेळाची मूळ गणिते नव्याने शिकावी लागली. वर म्हटल्याप्रमाणे जुन्या पद्धतीत चूक झाली तर बहुतेक वेळा फक्त सर्व्हिस जाई. आता प्रत्येक चुकीची किंमत रोखीत मोजावी लागू लागली. हा बदल तरुण, आक्रमक खेळाडूंच्या फायद्याचा ठरेल असे तेव्हा अनेकांना वाटले होते. माझ्या मते झांग निंगच्या बाबतीत उलट घडले. सामन्याची लांबी आटोक्यात आली, सर्व्हिस फिरत राहण्याचे ते अंतहीन टप्पे गेले आणि दुखऱ्या गुडघ्यांच्या पण क्वचित चुकणाऱ्या खेळाडूला नव्या पद्धतीत आणखी दोन वर्षे मिळाली. जुन्या पद्धतीतच खेळ चालू राहिला असता तर ३३ व्या वर्षी तीन गेमचा अंतिम सामना खेळणे तिला कितपत झेपले असते, याविषयी मला शंका आहे.

बीजिंगसाठी चीनने शिए, झांग निंग आणि २१ वर्षांची लु लान यांना निवडले. २००७ ची जगज्जेती झू लिन ही चीनचीच होती, आणि तिला जागा मिळाली नाही. जगज्जेत्या खेळाडूला घरी ठेवून ३३ वर्षांच्या खेळाडूला निवडण्यात आले, तेव्हा क्रमवारीतील गुण हे एक कारण होतेच. पण १९९४ ते २००० या काळात ज्या गर्दीने झांग निंगला बाहेर ठेवले होते, त्याच गर्दीत आता दुसऱ्या कोणाला तरी बाहेर राहावे लागले.

बीजिंग, १६ ऑगस्ट २००८

भारतीय प्रेक्षकांना ती स्पर्धा आठवते ती अठरा वर्षांच्या सायना नेहवालसाठी. हाँगकाँगकडून खेळणाऱ्या वांग चेनला हरवून तिने उपांत्यपूर्व फेरी गाठली आणि तिथे इंडोनेशियाच्या मारिया क्रिस्टिन युलियांतीकडून तीन गेममध्ये हार पत्करली. पहिला गेम २८-२६ असा जिंकूनही तो सामना हातचा गेला, याची हळहळ पुष्कळ दिवस होती. त्याच मारिया क्रिस्टिनला उपांत्य सामन्यात शिए शिंगफांगने हरवले आणि कांस्यपदकाच्या सामन्यात मारियाने लु लानला मागे टाकले. दुसऱ्या उपांत्य सामन्यात झांग निंगने लु लानवर मात केली होती.

म्हणजे अंतिम सामना दोन चिनी खेळाडूंमध्ये होता. इथे सिडनी आणि अथेन्सचा हिशेब लागू पडत नव्हता. परदेशी प्रतिस्पर्धी उरलीच नव्हती. सुवर्ण आणि रौप्य दोन्ही चीनची होती. कोण जिंकते याने पदकतालिकेत काहीही फरक पडणार नव्हता. संघाला मोजण्यासारखे काही शिल्लक न राहिल्यामुळे प्रथमच तो प्रश्न पूर्णपणे दोन खेळाडूंचा झाला. एका बाजूला चार वर्षे वरचढ राहिलेली, अव्वल मानांकित शिए होती, जिचा प्रियकर लिन डान दुसऱ्या दिवशी पुरुष एकेरीचे सुवर्ण जिंकणार होता. दुसऱ्या बाजूला गतविजेती होती, जिच्या गतविजेतेपदाविषयी पाच महिन्यांपूर्वी तिच्याच प्रशिक्षकांनी देशाला तपशील पुरवला होता.

झांग निंगने पहिला गेम २१-१२ असा घेतला. दुसरा शिएने २१-१० असा घेतला आणि तेव्हा ३३ वर्षांचे पाय संपले असे वाटणे स्वाभाविक होते. तिसरा गेम २१-१८ असा झांग निंगचा झाला. या गेममध्ये तिने काही नवीन केले नाही. मागच्या कोपऱ्यातून उशिरा वळवलेला ड्रॉप, नेटजवळ थांबून शेवटच्या क्षणी उचललेले शटल, शिएला पुढे ओढून मागे पाठवणे. अथेन्समध्ये, बर्मिंगहॅममध्ये जे केले तेच. फरक इतकाच होता की या वेळी समोरची खेळाडू तिचा प्रत्येक फटका वर्षानुवर्षे रोज सकाळी सरावात पाहत आलेली होती आणि तिला हरण्यास कोणी सांगितलेले नव्हते. सामना संपल्यावर झांग निंग रडली. त्याच वर्षी तिने खेळणे थांबवले आणि राष्ट्रीय संघात महिला एकेरीच्या प्रशिक्षणाची जबाबदारी घेतली.

अथेन्सचा उपांत्य सामना पुन्हा खेळवता येणार नव्हता आणि झोउ मीला तिची संधी परत मिळणार नव्हती. बीजिंगच्या निकालाने ती गोष्ट पुसली गेली असे मी म्हणणार नाही. झांग निंग सर्वोत्तम चिनी खेळाडूला, सर्वांत मोठ्या व्यासपीठावर, कोणाच्याही सूचनेशिवाय हरवू शकत होती का, या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र त्या तीन गेममध्ये मिळाले. तिच्या कारकिर्दीचे मूल्यमापन करताना म्हणूनच मी दुसरे सुवर्ण पहिल्याच्या आधी धरतो.

नंतर काय बदलले

२०१२ साली लंडनमध्ये हा हिशेब उघड्यावर आला. महिला दुहेरीत गटसाखळीनंतर सोयीचा प्रतिस्पर्धी मिळावा म्हणून चीनची वांग शियाओली आणि यु यांग ही जोडी, दक्षिण कोरियाच्या दोन जोड्या आणि इंडोनेशियाची एक जोडी मुद्दाम शटल नेटमध्ये मारत राहिल्या; प्रेक्षकांनी हुर्यो उडवली आणि आठही खेळाडूंना स्पर्धेतून बाद करण्यात आले. जिंकण्यासाठी पूर्ण प्रयत्न न करणे, हा त्यांच्यावरील आरोप होता. अथेन्समध्ये झोउ मीला जे करण्यास सांगण्यात आले, त्याचे याहून नेमके वर्णन करता येणार नाही. ली योंगबो यांनी या वेळी माफी मागितली. आठ वर्षांपूर्वीची गोष्ट त्यांनी अभिमानाने सांगितली होती, हे लक्षात ठेवले म्हणजे दोन प्रसंगांतले अंतर कळते. फरक कृतीत नव्हता. भरल्या स्टेडियममध्ये ती इतक्या ओबडधोबडपणे केली गेली की नाटक लपले नाही, एवढाच होता. २०१७ मध्ये ते संघाच्या प्रमुखपदावरून गेले.

रिओ ऑलिंपिकपासून एकेरीत एका देशाला जास्तीत जास्त दोनच खेळाडू पाठवता येऊ लागले. तरीही दोन चिनी खेळाडू अंतिम फेरीआधी समोरासमोर येण्याचे थांबलेले नाही. टोकियोत चेन युफेई आणि हे बिंगजियाओ उपांत्य फेरीत भेटल्या. तीन गेमनंतर चेन पुढे गेली आणि तिने सुवर्ण घेतले, तर बिंगजियाओ कांस्यपदकाच्या सामन्यात आपल्या पी. व्ही. सिंधूकडून २१-१३, २१-१५ अशी हरली. पॅरिसमध्ये २०२४ साली याच दोघी उपांत्यपूर्व फेरीतच एकमेकींसमोर आल्या. त्या बाजूने पुढे गेलेल्या खेळाडूला अंतिम फेरीत दक्षिण कोरियाची आन से-यंग भेटण्याची दाट शक्यता होती, आणि परदेशी प्रतिस्पर्धीविरुद्ध कोणाला पुढे पाठवावे असा जुना हिशेब कोणी मांडला असता तर गतविजेत्या चेनचे नाव आधी आले असते. बिंगजियाओने तो सामना २१-१६, २१-१७ असा सरळ जिंकला.